पुनर्नवा लावू या

आपल्या उचगावच्या शिवारात एक वेलीसारखी वनस्पती उगवते. ती आधार धरून वर चढत नाही. जमिनीला धरून चारी बाजूंना पसरते. तिची फुले गुलाबी असतात, पण अगदी बारीक. मोहरीच्या दाण्याहून थोडीशी मोठी. वाकून पाहिले तरच दिसतात. ह्या वनस्पतीचे नाव पुनर्नवा.

कोणी तिला घेटुळी म्हणतात. कोणी वसू म्हणतात. कोणी खापरा म्हणतात. नावे पुष्कळ आहेत, आणि त्यातूनच घोटाळा होतो. तो कसा, ते पुढे सांगू.

पुनर्नवा म्हणजे काय? पुनः म्हणजे पुन्हा. नवा म्हणजे नवी. उन्हाळ्यात हिचा वरचा पाला वाळून जातो. जागा उघडी पडते. बघणाऱ्याला वाटते, संपली. पण खाली जमिनीत मूळ जिवंत असते. मृगाचा पाऊस पडला की त्याच मुळातून कोंब फुटतात. झाड पुन्हा नवे होते. म्हणून ती पुनर्नवा. चरकसंहिता हा आयुर्वेदाचा फार जुना ग्रंथ आहे. त्यातही हिचे नाव आहे.

तुमच्या दारची गुलबक्षी आणि बंगल्याच्या कुंपणावरची बोगनवेल ह्या दोन्ही पुनर्नवेच्या भाऊबंद आहेत. तिघींचे कूळ एक. गुलबक्षीचेही तसेच, बघा. वरचा पाला गेला तरी जमिनीतला कंद राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतो.

लावायची कशाला? ती तर आपोआप उगवते!

असे पुष्कळ जण म्हणतील. पूर्वी ते खरे होते. बांधावर, गोठ्यामागे, रस्त्याकडेला ती हवी तेवढी असे. आता तसे राहिले नाही. ह्याची तीन कारणे आम्हाला दिसतात.

पहिले कारण. हिचे औषध मुळात असते. मूळ उपटले की झाड संपले. पाला खुडला तर पुन्हा येतो. मूळ नेले तर मागे काय उरणार?

दुसरे कारण. आता भांगलणीला माणूस मिळत नाही. उसाच्या सरीत आणि बांधावर तणनाशक मारतात. तणनाशकाला पुनर्नवा काय आणि हराळी काय, दोन्ही सारखीच. फवारा मारल्यावर झाड लगेच जळत नाही. काही दिवस ते हिरवेच दिसते. त्या दिवसांत कोणी पाला खुडला, तर भाजीबरोबर विष घरात येते.

तिसरे कारण. आपल्या गावाजवळून पुणे-बेंगळूरु महामार्ग जातो. गांधीनगरची पेठ शेजारीच आहे. वाहने वाढली, गटारे वाढली. रस्त्याकडेच्या पाल्यावर धूर आणि धूळ बसते. गटाराकाठी उगवलेल्या झाडाच्या मुळाशी घाण पाणी मुरते. असला पाला गुरालासुद्धा घालू नये. मग माणसाने कसा खावा?

म्हणून आमचे सांगणे असे की, पुनर्नवा आपल्या परड्यात आपल्या हाताने बी पेरून लावावी. बी कोणत्या झाडाचे, ते आपल्याला ठाऊक असते. माती कोणती, पाणी कोणते, तेही ठाऊक असते. बी ओळखीचे असले, तर भाजीही ओळखीची आणि मूळही ओळखीचे.

आधी ओळख, मग बी

आता नावांचा घोटाळा सांगतो. पुनर्नवेसारखी दिसणारी आणखी एक वनस्पती शेतात उगवते. तिलाही काही लोक वसू किंवा खापराच म्हणतात. बाजारात ती पांढरी पुनर्नवा म्हणूनही विकली जाते. पण ती निराळी. तिचे कूळही निराळे. दोघी शेजारी शेजारी पसरतात. नवख्या माणसाला दोन्ही एकच वाटतात.

पुष्कळ जण पानावरून ओळखू पाहतात. पुनर्नवेची पाने समोरासमोर जोडीने येतात. जोडीतले एक पान मोठे आणि एक लहान असते. ही खूण खरी आहे. पण दुसरीच्या पानांचीही जोडी तशीच असते! म्हणून नुसत्या पानावर भरवसा ठेवू नका. पुढच्या खुणा पाहा.

१. फूल पाहा. पुनर्नवेचे फूल गुलाबी किंवा किरमिजी असते. ते बारीक, लांब देठांच्या टोकांना लहान झुबक्यांनी येते. देठ पानांच्या बाहेर आलेले असतात. दुसरीचे फूल पांढरे किंवा फिके गुलाबी असते. त्याला देठ जवळजवळ नसतोच. पानाच्या बेचक्यात ते अर्धे लपून बसते. फुले पाहायची तर सकाळी जा. दुपार झाली की पुनर्नवेचे फूल मिटते.

२. फळ पाहा. पुनर्नवेचे फळ ज्वारीच्या दाण्याहून लहान असते. त्याला पाच कंगोरे असतात. हात लावला की ते बोटाला चिकटते. धोतराला, लुगड्याला, शेरडाच्या केसांनाही चिकटते. असेच चिकटून ते गावभर फिरते. दुसरीचे फळ असे चिकट नसते. ते पिकले की त्याचे टोपण निघते आणि आतून काळ्या बिया पडतात.

३. खोड दाबून पाहा. दुसरीचे खोड मांसल, घोळीच्या भाजीसारखे रसाळ असते. पुनर्नवेचे खोड त्यापेक्षा बारीक आणि चिवट असते. पेरांवर ते थोडे फुगलेले दिसते.

४. मूळ पाहा. पुनर्नवेचे जुने मूळ जाड, गरदार आणि लांब असते. ते सरळ खाली जाते. दुसरी एका हंगामाची आहे. तिचे मूळ बारीक राहते.

पुनर्नवेची एक सख्खी जातही आता रस्त्याकडेला दिसते. ती जमिनीवर न पसरता उभी वाढते. तिचे फळ चिकटत नाही. तीही आपल्याला नको.

म्हणजे पसरणारी, देठावर गुलाबी झुबके असलेली आणि चिकट फळाची, ती आपली पुनर्नवा. ह्यातली एक जरी खूण जुळली नाही, तर बी घेऊ नका. जाणत्या वैद्याला किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला फांदी नेऊन दाखवा. कोल्हापूर आपल्याला लांब नाही. तिथे शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे. फांदी नेताना फूल, फळ आणि मूळ तिन्ही असू द्या.

बी गोळा करणे

पावसाळ्यात फुले येऊ लागतात. पुढे हिवाळ्यापर्यंत फुले आणि फळे येतच राहतात. फळ हिरवे असेपर्यंत तोडू नका. ते तपकिरी होऊन सुकू लागले की तयार झाले.

एकेक फळ वेचत बसाल तर दिवस मोडेल. एक जुने सुती फडके घ्या. ते झाडावरून हलक्या हाताने फिरवा. पिकलेली फळे त्याला चिकटतात. ती कोरड्या वाळूत झटकून चोळा. वाळूने चिकटपणा जातो आणि बी सुटे होते. एका फळात एकच बी असते. म्हणून फळ फोडायचे नाही. सबंध फळच पेरायचे.

हे बी दोन दिवस सावलीत वाळवा. कागदाच्या पुडीत किंवा कापडी पिशवीत घालून कोरड्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. बी ओलसर राहिले, तर बुरशी येते.

आणि मंडळी, इथे तुमच्या अक्षरज्ञानाचा उपयोग आहे! पुडीवर चार ओळी लिहा.

पुनर्नवा.
कोठले झाड : विहिरीजवळचा बांध.
फूल गुलाबी, फळ चिकट, दोन्ही पाहिले.
तारीख आणि सही.

घरात धन्याची पुडी असते, मेथीची असते, भेंडीची असते. सहा महिन्यांनी कोणती पुडी कशाची, ते कोण सांगणार? लिहिलेली पुडी सांगते. आपण परगावी गेलो, तरी सुनेला कळते, नातवाला कळते.

बी जिवंत आहे का?

पेरण्याआधी बियाची परीक्षा घ्या. वीस बिया मोजून घ्या आणि रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी त्यांच्याभोवती बुळबुळीत थर दिसेल. सब्जाच्या बियांना येतो, तसाच. भिऊ नका. बी सडलेले नाही. त्याचा तो गुणच आहे. मग त्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. फडके वाळू देऊ नका. दोन आठवडे वाट पाहा आणि मोजा.

वीसपैकी पंधरा उगवल्या, तर बी उत्तम. दहा उगवल्या, तर निम्मे बी चांगले आहे. थोडे दाट पेरावे लागेल. पाचांहून कमी उगवल्या, तर दुसरे बी शोधा.

वाफा आणि पेरणी

पुनर्नवा फार लाड मागत नाही. तिला दोन गोष्टी मात्र हव्यात. ऊन हवे, आणि पाण्याचा निचरा हवा. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. संततधार लागली की मुळे कुजतात. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला मोठे पूर आले. तेव्हा नदीकाठच्या रानांत पाणी तुंबले की पिकाचे काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले. म्हणून वाफा वीतभर उंच करा. मातीत थोडी वाळू आणि दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण घालू नका.

घरापुरता वाफा दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पुरे. त्यात लांबीच्या तीन ओळी पाडा. दोन ओळींत एक फूट अंतर ठेवा. ओळीतही फुटाफुटावर खूण करा. म्हणजे एका ओळीत दहा जागा. तीन ओळींत तीस जागा. प्रत्येक जागी तीन बिया टाका. तिसांत्रिक नव्वद बिया झाल्या. चिमूटभर वाळू बियांत मिसळली, तर त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

पेरायचे केव्हा? मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली भिजली की. बी खोल गाडू नका. बोटाच्या अर्ध्या पेराइतकेच खोल पेरा. वरून माती भुरभुरा आणि हाताने हलके दाबा. पावसाने उघडीप दिली, तर झारीने पाणी शिंपडा. धार सोडली, तर बी वाहून जाते.

एक ते दोन आठवड्यांत रोपे दिसू लागतात. काही बिया मागाहून उगवतात. रोपाला चार पाने आली की प्रत्येक जागी एकच जोमदार रोप ठेवा. बाकीची उपटून रिकाम्या जागी लावा. लावताना सोटमूळ तुटू देऊ नका. पहिला महिना-दीड महिना भांगलण करा. त्यानंतर वेल जमीन झाकून टाकतात आणि तण आपोआप दबते. बांधाच्या उतारावर लावली, तर पावसाच्या माऱ्याने माती वाहून जाणेही कमी होते.

कधी कधी हिच्यावर एक मोठी अळी येते. तिच्या शेपटीकडे काट्यासारखे टोक असते. ती पाने खाऊन वेल उघडी पाडते. परड्यातल्या तीस झाडांसाठी औषध मारायला नको. सकाळी अळ्या हाताने वेचा आणि कोंबड्यांपुढे टाका.

भाजी करा

पेरल्यापासून साधारण दीड महिन्याने कोवळे शेंडे खुडता येतात. फुले यायच्या आधीचा पाला कोवळा असतो. जून पाला चिवट लागतो. पाला दोन-तीन पाण्यांत धुवा आणि बारीक चिरा. तेलात लसूण, मिरची आणि कांदा परता. भिजवलेली मुगाची डाळ घाला. वर पाला घाला आणि वाफ आणा. मीठ आणि थोडा शेंगदाण्याचा कूट घालून उतरवा. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी चांगली लागते. पालेभाजी रोज एकच खाऊ नये. आठवड्यातून एखादे दिवशी ही करा.

मुळे काढणे

मुळांसाठी सात-आठ महिने थांबावे लागते. जूनमध्ये पेरली, तर जानेवारी-फेब्रुवारीत पाला पिवळा पडू लागतो. तेव्हा आदल्या दिवशी हलके पाणी द्या. दुसऱ्या दिवशी कुदळीने बाजूने खणून सबंध मूळ काढा. धुवा. बोटभर लांबीचे तुकडे करा. सावलीत खडखडीत वाळवा. डब्यात भरा आणि डब्यावरही नाव आणि तारीख लिहा.

सगळी झाडे काढू नका. तीस असली, तर दहा तशीच राहू द्या. मृगात ती आपोआप फुटतील आणि पुढच्या साली बीही देतील.

काही जण विचारतात, एकरभर लावली तर पैसा होईल का? वाळलेल्या मुळांना औषधवाले घेतात, हे खरे. पण ओले मूळ वाळले की वजन फार घटते. शिवाय घेणारा कोण आणि भाव काय, हे आधी ठरले पाहिजे. ते कागदावर ठरल्याशिवाय उसाचे रान मोडून पुनर्नवा लावू नका. आधी परड्यात लावा आणि झाडाचा स्वभाव जाणून घ्या.

सूज आली तर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती दोनदा वाचा.

दूध संस्थेच्या कट्ट्यावर एक काका आम्हाला म्हणाले, "गुरुजी, पायाला सूज आली की पुनर्नवेचा काढा प्यायचा. आमची आजी तेच करायची. डॉक्टर कशाला पाहिजे?"

आम्ही त्यांना विचारले, "काका, सूज कशानं आली, हे आजी सांगायची का?"

काका म्हणाले, "ते काय आम्हाला ठावं न्हाई."

इथेच खरी मेख आहे. पुनर्नवेने लघवी साफ होते आणि सूज उतरते, असे आयुर्वेद सांगतो. पुनर्नवासव, पुनर्नवा मंडूर अशी औषधे वैद्य देतात. मंडुरात शोधलेले लोखंड असते. ते घरी करायचे औषध नव्हे. वैद्यही आधी नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि मग औषध देतो. कारण सूज हा स्वतः रोग नाही. ती रोगाची खबर आहे.

हृदय दुबळे झाले, तर पाय सुजतात. मूत्रपिंड बिघडले, तर पाय सुजतात आणि सकाळी डोळ्यांखालीही सूज दिसते. यकृत बिघडले, तरी पोट आणि पाय सुजतात. अंगात रक्त कमी असले, तरी सूज येते. हत्तीरोगाने येते. ह्या सगळ्यांवर एकच काढा कसा चालेल?

त्यात आणखी एक धोका आहे. पुनर्नवेच्या मुळात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. निरोगी माणसाचे मूत्रपिंड जास्तीचा क्षार लघवीतून बाहेर टाकते. मूत्रपिंडच बिघडले असेल, तर तो रक्तात साठतो. फार साठला, तर हृदय बंद पडू शकते. म्हणजे ज्या सुजेवर आपण काढा प्यालो, तीच सूज मूत्रपिंडाची असली, तर काढाच घात करील.

म्हणून काढा उकळण्याआधी तपासणी. रक्तदाब मोजून घ्या. लघवी आणि रक्त तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून सांगितले, तर कोल्हापूरच्या सी. पी. आर. रुग्णालयात जा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर पुनर्नवा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. काढा सुरू केला म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. गरोदर बाईला पुनर्नवेचे औषध घरच्या घरी देऊ नका.

पुढची लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१. सुजेबरोबर धाप लागते.
२. लघवी फार कमी होते.
३. एकच पाय अचानक सुजतो आणि दुखतो.
४. गरोदर बाईचे तोंड, हात सुजतात, डोके दुखते किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते.

त्या काकांना आम्ही एवढेच सांगितले की, आधी लघवी तपासा, मग आपण पुनर्नवेचे बोलू. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही एवढे वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तर जरूर वाचून दाखवा.

आणि येत्या मृगात तीन फुटांचा वाफा करा. बी पारखून घ्या. पुडीवर नाव लिहा. भाजी घरची खा. मूळ वैद्याच्या सल्ल्याने वापरा. शेजाऱ्याने बी मागितले, तर नाही म्हणू नका. मूठभर बी द्या, आणि त्याच्याही पुडीवर झाडाचे नाव लिहून द्या.